प्रांजलचा उजवा हात

जानेवारी लागला की राजारामपुरीतल्या गल्ल्यांतून सकाळी साडेसहालाच पोरं दिसायला लागतात. कानटोप्या, स्वेटर, काखेत पॅड, तोंडातून निघणारी वाफ. शिष्यवृत्तीच्या जादा तासाची पोरं. क्लासच्या दारांवर गेल्या वर्षीच्या गुणवंतांचे फोटो लागतात, झेरॉक्सच्या दुकानात सराव प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे येतात, आणि आमच्या शाळेच्या वर्गात टोक केलेल्या पेन्सिलींचा तो कोरडा, लाकडी वास भरून राहतो. मी महापालिकेच्या शाळेत पाचवीला शिकवते. हा वास म्हणजे माझ्यासाठी सण होता. माझ्या वर्गातलं एखादं तरी पोर यादीत यायचंच, आणि ते आलं की वर्षभर मी मान ताठ ठेवून चालायचे.

यंदा भावाचा फोन आला. संभा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटा. मलकापूरजवळ आमचं गाव, तिथं तो ऊस आणि चार म्हशी सांभाळतो. त्याची मुलगी प्रांजल आता आठवीत आहे, आणि आठवीलाही शिष्यवृत्ती असते. शाळेनं फॉर्म भरून ठेवलाय, आता विचारतायत, बसवायची का हिला, असं तो म्हणाला. मी काही बोलायच्या आत मागून तिचा आवाज आला, "मी न्हाय बसणार." संभा हसला, म्हणाला, बघ आता. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले.

तीन वर्षांपूर्वीचा जानेवारी मला असा उभ्याउभ्या गाठतो.

प्रांजल तेव्हा पाचवीत होती. दिवाळीच्या सुट्टीत तिच्या पायांवर निळे डाग उठले. झाडावरून पडली असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. ती झाडावर चढणारीच पोर होती. मग ताप आला, उतरला, पुन्हा आला. मलकापूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि त्याच दिवशी कोल्हापूरला पाठवलं. रक्ताचा कर्करोग. दवाखान्यातल्या डॉक्टरबाई, आम्ही त्यांना मॅडमच म्हणायचो, फार शांत होत्या. त्या म्हणाल्या, या वयातली या आजाराची बरीचशी मुलं बरी होतात, पण उपचार लांबलचक असतात, दोन वर्षांच्या वर चालतील, आणि पहिले काही महिने दवाखान्याच्या जवळ राहावं लागेल.

माझं लग्न झालेलं नाही. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा माझा फ्लॅट आहे, दवाखाना रिक्षानं दहा मिनिटांवर. प्रांजल आणि तिची आई सुनंदावहिनी माझ्याकडं राहायला आल्या. संभा ऊसतोड, म्हशींच्या धारा बघून आठवड्यातून एकदा यायचा. येताना दुधाची किटली, कधी पावटा, कधी ओला हरभरा. मोकळंच बोलायचं तर, घर भरल्याचा मला आनंद झाला होता. इतक्या भयंकर कारणानं भरलं होतं तरी झाला होता. तेही मला आता खुपतं.

प्रांजल रडकी नव्हती. औषधांनी केस गेले तेव्हा आरशासमोर उभी राहून म्हणाली, "आत्ती, मी आता पप्पांगत दिसतो." आमच्याकडच्या पोरी 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. मी वर्गात आयुष्यभर ते सुधारत आले, आणि घरातही सवयीनं म्हणाले, दिसते म्हण. ती म्हणाली, "बरं, दिसते." आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच.

शिष्यवृत्तीचा फॉर्म तिच्या गावच्या शाळेनं आजारपणाच्या आधीच भरला होता. तिची आकडेमोड लखलखीत होती. दवाखान्यात बसल्या बसल्या ती सलाईनचे थेंब मोजायची, बाटली किती वाजता संपेल ते सांगायची, आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. एकदा मॅडम कौतुकानं म्हणाल्या, हिला बरं वाटत असेल तेव्हा अभ्यास करू दे, मन रमेल; परीक्षेचं मात्र आपण नंतर बघू. या वाक्यातला पहिला अर्धा भाग मी घरी आणला.

दुसऱ्या दिवसापासून घरात वेळापत्रक लागलं. सकाळी गणित, दुपारी बुद्धिमत्ता, संध्याकाळी भाषा. मी नव्या पेन्सिली आणल्या, पॅड आणलं, भिंतीवरचं घड्याळ तिला दिसेल असं सरकवलं. मी मनाशी म्हणत होते, हे तिच्यासाठी आहे. आजारी पोर नुसतं पडून राहिलं की खचतं. पण माझ्या मनात दुसरंही एक चित्र होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही. कर्करोगाशी झगडणारी मुलगी गुणवत्ता यादीत. फोटोत तिच्याशेजारी मी.

तिच्या उजव्या दंडात एक बारीक नळी बसवली होती. शिरेतून आत, छातीपर्यंत गेलेली. दर वेळी सुई टोचायला नको म्हणून. डाव्या हाताची शीर नीट सापडली नव्हती, म्हणून उजव्यात. त्यावर पट्टी, पट्टीवर जाळीची बाही. नर्सनं घरी सोडताना एक छापील कागद दिला होता. घरी काय जपायचं, काय झालं तर लगेच फोन करायचा. मी तो रिक्षातच वाचला. ताप आला तर. नाकातून, हिरड्यांतून रक्त आलं तर. मऊ ब्रश वापरा, शिळं देऊ नका, गर्दीत नेऊ नका. घरी येऊन फ्रीजच्या दारावर चुंबकानं लावला. वहिनींना म्हणाले, यातलं काही झालं की मला सांगा. वाचणं हे घरात माझं काम होतं. वहिनींचं काम पोरीला जेवू घालणं, धुणं, उकळलेलं पाणी, अंगावरून हात फिरवणं. अशी वाटणी आपोआप झाली होती आणि ती मला बरोबर वाटत होती.

आम्हाला भीती होती ती रक्त वाहण्याची. या मुलांचं रक्त पातळ असतं, पटकन थांबत नाही, एवढंच आमच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून मी टेबलाच्या कोपऱ्यांना कापड बांधलं होतं. रक्त आतल्या आत गोठेल, हे माझ्या कल्पनेतसुद्धा नव्हतं.

परीक्षेला तीन आठवडे राहिले होते. त्या गुरुवारी संध्याकाळी मी तिला नमुना प्रश्नपत्रिका दिली. दीड तास, पंच्याहत्तर प्रश्न, उत्तराचा गोल पेनानं काळा करायचा. ती पन्नासाव्या प्रश्नाला थांबली.

"आत्ती, हात दुखालाय. जड झाल्यागत वाटतोय."

मी वर्गातल्या पोरांच्या वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, लिहायची सवय मोडली की असंच होतं, पंचवीस राहिलेत, कर पूर्ण. वीसबावीस वर्षं पोरांची हीच तक्रार ऐकलेली. हात दुखतोय, पोट दुखतंय, तहान लागलीय. तिनं ते पंचवीस पूर्ण केले. एकही चुकला नव्हता. मी तिच्या टकलावर हात फिरवला आणि वहिनींना हाक मारून कागद दाखवला.

शुक्रवारी ती डाव्या हातानं गोल रंगवताना दिसली. वेडेवाकडे, रेघेबाहेर गेलेले. मी रागावले. म्हणाले, परीक्षेत असे गोल यंत्र वाचत नाही, सगळे मार्क जातील. तिनं पेन उजव्या हातात घेतलं. रात्रीच्या जेवणाला वहिनी तिला भरवत होत्या. पोळी वाढताना त्या हळूच म्हणाल्या, "वन्सं, हात जरा सुजल्यागत दिसतोय हिचा."

मी तेव्हा काय उत्तर दिलं ते मला शब्दनशब्द आठवतं. म्हणाले, गोळ्यांनी सगळंच अंग सुजलंय, तोंड नाही का गोल झालंय, मॅडमनी आधीच सांगितलं होतं. ते खरंही होतं. त्या गोळ्यांनी चेहरा सुजतोच. पण चेहरा दोन्ही बाजूंनी सुजला होता आणि हात एकच. वहिनी दहावीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग पोरीच्या हाताकडं, आणि गप्प बसल्या. बाईमाणूस शिकलेलं, नोकरीवालं, तेवढं बोलतंय म्हणजे बरोबरच असणार, असं त्यांना वाटलं असावं. त्यांचं ते गप्प बसणं मी त्या वेळी समजूत पटणं समजले.

शनिवारी शाळेत सराव परीक्षा होती. मी सकाळीच गेले. जाताना प्रांजलसाठी तीच प्रश्नपत्रिका टेबलावर ठेवली, म्हणाले, आमची पोरं सोडवतात त्याच वेळेत तूही सोडव. दुपारी आले तेव्हा ती झोपली होती. एकवीस प्रश्न सोडवले होते. बाकी कोरे. मी त्यावर लाल पेनानं '२१/७५' लिहिलं. लिहिलं, हे खरं आहे.

रविवारी सकाळी संभा आला. किटली खाली ठेवायच्या आधीच त्यानं दारातून पोरीला पाहिलं आणि म्हणाला, "ही हात असा धरून का बसलीया?" ती उजवा हात डाव्या हातानं पोटाशी सांभाळून बसली होती. दोनचार दिवस आम्ही दोघी तिच्या शेजारी वावरत होतो. तो आठ दिवसांनी आला आणि त्याला पहिल्या नजरेत दिसलं. त्यानं फ्रॉकची बाही वर करायला घेतली तर ती सरकेना. दंड ताणल्यासारखा झाला होता, रंग जांभळट. खांद्याजवळ आणि छातीवर निळ्या बारीक शिरा उठल्या होत्या. संभा उठला. तो खाली जाऊन रिक्षा घेऊन आला.

रिक्षात ती म्हणाली, श्वास घेताना बरगडीत टोचतंय.

दवाखान्यात हाताची सोनोग्राफी झाली, मग छातीचा स्कॅन. दंडापासून गळ्याच्या हाडाखालपर्यंत शिरेत रक्ताची गुठळी होती, आणि तिचा एक लहान तुकडा सुटून फुप्फुसात गेला होता. मॅडमनी आमच्यापुढं कागदावर शीर काढून समजावलं. आजार मारायला जी औषधं देतो त्यातल्या एकानं रक्त गोठण्याचा समतोल बिघडतो. आजारही त्यात भर घालतो. शिवाय शिरेत नळी असली की तिच्याभोवती रक्त साचायला जागा मिळते. सगळ्या मुलांना असं होत नाही, पण होतं, म्हणून आम्ही हाताकडं लक्ष ठेवायला सांगतो.

हाताकडं लक्ष ठेवायला सांगतो, हे ऐकताना मला वाटलं, आम्हाला कुठं सांगितलं होतं?

प्रांजलला अतिदक्षता विभागात ठेवलं. नाकाला ऑक्सिजन, रक्त पातळ करणारी इंजेक्शनं, आणि त्यातही धास्ती, कारण तिच्या रक्तातल्या पेशी कमी; जास्त पातळ झालं तर रक्तस्राव, कमी झालं तर गुठळी वाढणार. कर्करोगाचं एक औषध काही आठवडे थांबवावं लागलं. ते थांबवल्यानं आजार परत उचल खाईल का, असं संभानं विचारलं, तेव्हा मॅडम म्हणाल्या, सध्या आधी हे.

सोमवारी मी तिचे कपडे न्यायला घरी आले. फ्रीजसमोर उभी राहिले आणि तो कागद काढून उलटा केला. मागच्या बाजूला मथळा होता, 'नळी असलेल्या हाताची काळजी'. खाली चार ओळी. हात दुखला, जड वाटला, सुजला, रंग बदलला, खांद्यावर किंवा छातीवर शिरा दिसू लागल्या तर त्याच दिवशी दवाखान्यात या. साधं, मोठ्या टाइपातलं मराठी. वहिनींनाही सहज वाचता आलं असतं, जर मी तो कागद पाठ फ्रीजच्या दाराकडं करून लावला नसता. परीक्षेच्या आदल्या दिवशी दरवर्षी मी पोरांना एकच गोष्ट दहादा बजावते, प्रश्नपत्रिका उलटून बघा, मागंही प्रश्न असतात.

मी तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला. कुणाला सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी तिचा ऑक्सिजन निघाला. नंतर नळीही काढली. मी मॅडमना जिन्याजवळ एकटीनं गाठून विचारलं, आम्ही दोन-तीन दिवस आधी आलो असतो तर? मला वाटतं, आत जाऊन पोरीला भेटा असं काहीतरी म्हणून त्या मला सोडवू शकल्या असत्या. तसं त्यांनी केलं नाही. म्हणाल्या, "गुठळी लहान असताना सापडली असती. फुप्फुसापर्यंत गेली नसती का, ते मला सांगता येणार नाही. तुम्ही आलात, हे चांगलं झालं." मी आले नव्हते. संभा आला होता.

पुढं तीन महिने दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतरानं, पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन द्यायचं होतं. पाठीच्या कण्यात औषध द्यायचं असेल तेव्हा आदल्या दिवशी थांबवायचं. नर्सनं आम्हा दोघींना शिकवलं. मला जमलं नाही. वहिनींनी चिमटीत कातडी धरली, सुई सरळ आत घातली, दहा मोजले, काढली. तारखा आणि वेळा त्यांनी स्वतः एका वहीत लिहून ठेवल्या, आणि दवाखान्यातून मिळणारा प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनी वाचायला लागल्या. मला काही विचारणं त्यांनी हळूहळू बंद केलं. भांडण नाही, टोमणा नाही. जेवायला वाढताना पूर्वीसारखंच वन्सं म्हणायच्या. पण वाटणी बदलली होती.

परीक्षेचा रविवार येऊन गेला. त्या दिवशी मी केंद्रावर पर्यवेक्षक होते. एका वर्गात पन्नास पोरं माना खाली घालून गोल काळे करत होती आणि मी बाकांमधून फिरताना त्यांचे हात बघत होते. उजवा, उजवा, डावा, उजवा. एक मुलगा मनगट झटकत होता. मी त्याला हळूच म्हणाले, दुखत असेल तर थांब जरा. तो दचकला, बाई रागावल्या असंच त्याला वाटलं असावं. त्या वर्षी माझ्या वर्गातल्या दोन मुली यादीत आल्या. मी पेढे वाटायला बाहेर गेले नाही.

आता कुणी पोर हात दुखतो म्हणालं की मी जवळ जाऊन बाही वर करायला सांगते. सहकारी हसतात. बहुतेक वेळा काहीच नसतं. नसतंच. पोरांना लिहायचा कंटाळा आलेला असतो, आणि मी त्यांना पाणी प्यायला सोडते. एकेकाळची कडक बाई मवाळ झाली, असं पालक म्हणतात. हे शहाणपण माझ्याकडं फार उशिरा आलं आणि ज्या पोरीच्या हातावरून आलं तिला त्याचा काही उपयोग नव्हता.

प्रांजल बरी झाली. औषधं गेल्या वर्षी संपली. केस दाट आले, आधी सरळ होते ते आता कुरळे आहेत. सायकलवरून शाळेला जाते, भांडते, वाढली आहे. आजारानं तिला सोडलं. गुठळीनं पूर्ण सोडलं नाही. ती शीर आतून पुरती मोकळी झालीच नाही, बाजूच्या लहान शिरांनी काम उचललं. तासभर लिहिलं की उजवा हात जड होतो, बोटं टम्म होतात. दुधाची भरलेली किटली उचलली की संध्याकाळी दुखतो. लांब बाह्यांचेच कपडे घालते, खांद्यावरच्या निळ्या शिरा दिसू नयेत म्हणून. परीक्षेत तिला जास्त वेळ मिळतो, डॉक्टरांच्या दाखल्यावर. तो दाखला देताना ती वर्गात कुणाकडं बघत नाही, असं तिच्या बाईंनी मला सांगितलं. गणित अजून चांगलं आहे. पण तोंडी करते. कागदावर उतरवायला सांगितलं की उठून जाते.

गेल्या आठवड्यात ती तपासणीसाठी कोल्हापूरला आली होती, वहिनींबरोबर. रक्त चांगलं निघालं. दुपारी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. मलकापूरची गाडी लागायची होती. वहिनी केळी घ्यायला गेल्या आणि बाकावर आम्ही दोघीच उरलो. तीन वर्षं जे मनात घोळवलं होतं ते मी एकदम बोलून टाकलं. म्हणाले, त्या गुरुवारी तू हात दुखतोय म्हणालीस आणि मी ऐकलं नाही. दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलं होतं, मी मागचं पान बघितलंच नाही. तुझ्या हाताचं हे माझ्यामुळं झालं, प्रांजल.

ती गाड्यांच्या पाट्या वाचत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

"गुरुवारी न्हवं, आत्ती. सोमवारपासनं दुखत हुता."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस?

तिनं समोरच्या गाडीची पाटी वाचून संपवली. मग म्हणाली, "तू लई खूश हुतीस की. रोज सगळ्यांना माझं मार्क सांगत हुतीस. म्हटलं, परीक्षा झाली की सांगावं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. इतकी वर्षं मी स्वतःला दोष देत होते तो न ऐकल्याचा. दहा वर्षांचं पोर चार दिवस दुखणं दाबून गोल काळे करत बसलं होतं, माझा चेहरा उतरू नये म्हणून, हे माझ्या हिशेबात कुठंच नव्हतं.

गाडी आली. वहिनी केळी घेऊन पळत आल्या, जागा धरली, दोघी चढल्या. प्रांजल खिडकीशी बसली. मी खाली उभी होते आणि माझा चेहरा तिला दिसला असणार, कारण ती गजांशी वाकली आणि माझी समजूत काढावी तशा सुरात म्हणाली,

"आता न्हाय मी तसं करत, आत्ती. दुखला की लगेच सांगतो. आईला."

शेवटचा शब्द तिनं सहज जोडला होता. वहिनी पिशवी वर ठेवत होत्या, त्यांनी ऐकलं नाही. कंडक्टरनं दार ओढून घेतलं आणि गाडी मागं येऊन वळायला लागली.